गालबाईंची तालीम

स्टुडिओत त्यांना रीतसर नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळे त्यांना गालबाई म्हणत. मालिकेत कुणाला थोबाडीत बसायची असली की त्यांना बोलावणं जायचं. घरकामाची बाई, सावत्र बहीण, ऑफिसातली चुगलखोर कारकून, भूमिका कुठलीही असो, दोन-तीन प्रसंग झाले की त्यांच्या कानाखाली आवाज निघायचा आणि काम संपायचं. नायिकेचे गाल महाग. ते मोठ्या भागांसाठी राखून ठेवलेले असत. तोवर यांचा गाल होताच की.

पडद्यावरची थप्पड म्हणजे निव्वळ हातचलाखी. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा त्याच्या खांद्यामागे असतो, त्यामुळे मधली वीत दिसत नाही. हात कानाजवळ आला की खाणाऱ्याने मान झटक्यात फिरवायची, केस तोंडावर येऊ द्यायचे आणि मग हळूहळू वर बघायचं. नेमक्या वेळी कॅमेऱ्यामागून कुणीतरी टाळी वाजवतं, म्हणजे बाकीच्यांना दचकायला बरं पडतं. तुम्हाआम्हाला ऐकू येतो तो सणसणीत आवाज नंतर घालतात, चामड्याचा हातमोजा टेबलावर आपटून. मान आधी फिरली तर लोक हसतात, उशिरा फिरली तर खरीच बसते. गालबाईंची मान कधी चुकली नाही. नवखा नट हात उचलायला कचरला की त्याच त्याला धीर द्यायच्या. म्हणायच्या, मारा बिनधास्त, मारायचं काम तुमचं, न लागायचं माझं.

घरी मात्र हे न लागायचं काम त्यांना कधी जमलं नाही.

नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. पीत नव्हता. माणूस पीत असला की लोकांना बरं वाटतं, कारण सापडतं. इथे तेवढीही सोय नव्हती. चहा निवाला, शर्टाचं बटण तुटलं, शेजाऱ्याशी बोलताना ही जास्त हसली, काहीही पुरायचं. स्टुडिओतला हात सांगून यायचा, हा न सांगता. त्याचा आवाजही काही सणसणीत नसतो. उशी जमिनीवर पडावी तसा, बद्द. शेजारच्या खोलीत कळणार नाही इतका. मग कान कितीतरी वेळ गुणगुणत राहतो, तोंडात लोखंडासारखी चव येते, आणि बाई पातेल्यातलं दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पडद्यावर याच जागी निदान व्हायोलिन तरी वाजतं.

एकदा गालबाई कामावर गेल्या त्या गालावर पाची बोटं घेऊन. रंगभूषा करणाऱ्या बाईने ती पाहिली, काही विचारलं नाही, आणि जाड थर लावून बुजवून टाकली, कारण सकाळचा प्रसंग थपडेच्या आधीचा होता. दुपारी थप्पड झाली. मग तिनेच लाल रंग घेऊन त्याच गालावर, त्याच जागी, ब्रशने पाच बोटं काढली. दिग्दर्शक म्हणाला, वा, अगदी खरी वाटतात. गालबाईंनी हे घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

लेक चारेक वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघराच्या दारात ती भाकरीएवढे डोळे करून उभी होती आणि बाबाचा हात नुकताच खाली आला होता. पोरीचा ओठ थरथरायला लागला. गालबाईंना गालाचं काही वाटलं नाही, त्या ओठाचं वाटलं. त्या पटकन म्हणाल्या, "अगं, घाबरतेस काय? उद्या शूटिंग आहे ना माझं? बाबा तालीम घेतायत."

पोर स्टुडिओत जाऊन आलेली होती. तिने आईकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात वर करून एक टाळी वाजवली, कॅमेऱ्यामागचा माणूस वाजवतो तशी. नवऱ्याला हसू फुटलं. मग गालबाईही हसल्या. त्या संध्याकाळी घर कसं छान होतं, असं त्यांना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं, आणि त्या आठवणीची त्यांना कधी लाज वाटली नाही, हे विशेष.

पुढे ती त्या घराची रीतच झाली. हात उठला की दारातून टाळी. टाळी वाजली की नवऱ्याचा राग अर्धा उतरायचा, असंही गालबाईंच्या लक्षात आलं होतं. शिवाय सुट्टीच्या दिवशी पोर हट्ट करायची, मला पण शिकव. मग आरशासमोर मायलेकी उभ्या राहायच्या. हात कानाशी आला की मान, मानेमागून केस, आणि मग हळूच डोळे वर. पोर हुशार निघाली. गालबाईंना कौतुक वाटायचं.

नवरा एक दिवस छापखान्यातच मशीनजवळ कोसळला आणि गेला. लेक मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, तिने आपल्या पसंतीने लग्न केलं. जावई औषधाच्या दुकानात. इतका गोड बोलणारा की गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायला यायचं आणि निम्मं तिथेच बरं व्हायचं. गालबाईंना वाटलं, चला, आपलं गेलं ते गेलं, हिचं सोनं झालं.

आयुष्यभर झटके दिलेली मान अखेर बोलायला लागली. मणके झिजलेत, डॉक्टर म्हणाले, गळ्याला पट्टा लावा आणि मान फिरवू नका. मान न फिरवता गालबाई कसल्या? काम बंद झालं. लेकीने फोन करून बोलावून घेतलं, म्हणाली, थोडे दिवस राहा, नातीलाही सोबत होईल. लेकीने नोकरी सोडल्याला वर्ष झालं होतं. का सोडली ते फोनवर नीट कळलं नव्हतं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वच्छ. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, टॉवेलांच्या कडा जुळलेल्या. पहिले काही दिवस सगळं इतकं सुरळीत होतं की गालबाईंना आपणच पाहुण्यांसारखं चोरून वागतोय असं वाटायला लागलं.

मग एका संध्याकाळी सगळे चहाला बसले होते. नात जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. लेक ओट्याशी उभी होती आणि जावई बिस्किटांचा डबा घ्यायला उठला. डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. त्याने हात वर केला.

लेकीची मान फिरली. हात कानाच्या रेषेत आला त्या क्षणी, अगदी नेमकी, मागोमाग केस. आणि चित्रातून मान वर न काढता नातीने टाळी वाजवली.

जावयाने डबा खाली घेतला, झाकण उघडलं, बिस्किटं पुढे केली. "घ्या ना, आई," म्हणाला. गालबाईंनी घेतलं. ते चहात बुडवलं आणि हातातच तुटून पडलं.

दुसऱ्या दिवशी जावई दुकानात गेला, लेक बाजारात. गालबाईंनी नातीला जवळ घेऊन विचारलं, काल टाळी का वाजवलीस गं? नातीला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, बाबा आईची तालीम घेतात ना, म्हणून. काल बाबांनी मारायचंच सोडून दिलं, चुकलं त्यांचं. मग पट्ट्याला हात लावत लाडात म्हणाली, "आजी, आई म्हणते तू सगळ्यांत भारी आहेस. मला शिकव ना मान फिरवायला."

गालबाई तिच्यावर खेकसल्या. पोर रडत रडत गॅलरीत गेली. नवऱ्याने गालबाईंना उभ्या जन्मात जेवढं घाबरवलं नव्हतं तेवढं या एवढ्याशा पोरीने घाबरवलं. आपण लावलेलं झाड तिसऱ्या अंगणात उगवलं होतं आणि वर कौतुकाने पाणी मागत होतं.

लेक आली तेव्हा त्यांनी सरळ विषय काढला. लेक आधी नाकबूल झाली, मग भाजी निवडत बसली. तो वाईट नाही, म्हणाली. नंतर स्वतःच मलम लावतो. गालबाई म्हणाल्या, तू माझ्याबरोबर चल. आणि तिला धीर यावा म्हणून जन्मभर पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. म्हणाल्या, "तुझे बाबा तालीम घेत नव्हते. ते खरं होतं."

"माहीत आहे मला," लेक म्हणाली.

गालबाई पट्ट्यासकट तिच्याकडे वळल्या.

"पहिल्याच दिवसापासून माहीत होतं, आई. स्टुडिओत तू पडलीस की उठून हसायचीस. घरी भिंत धरायचीस. पण मी टाळी वाजवली की तुझा चेहरा सुटायचा, म्हणून वाजवायचे." तिने देठं गोळा केली. "आता मला चल म्हणतेस. तू कुठे गेली होतीस?"

नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं गालबाईंना एकाच गोष्टीचं समाधान होतं, की आपण सोसलं पण पोरीला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ चार वर्षांच्या पोरीने तेव्हाच उघडून पाहिली होती आणि आईसाठी पुन्हा मिटून ठेवली होती. त्या दुपारी गालबाई बाथरूमचा नळ सोडून रडल्या. लेकीसाठी आता काही करता येईल की नाही, त्यांना कळत नव्हतं. पण नातीलाही सगळं ठाऊक असलं तर? तीही आईचा चेहरा सुटावा म्हणूनच टाळ्या वाजवत असली तर? आणि नसलंच ठाऊक, तर उद्या ती आरशासमोर उभी राहणार होती.

दोनच दिवसांनी वेळ आली. जावयाला दुकानमालकाच्या घरी जायचं होतं आणि इस्त्री करताना शर्टाची कॉलर करपली. तो ओरडला नाही. त्याने शर्ट खुर्चीवर नीट टाकला, घड्याळ काढून ठेवलं, आणि लेकीकडे वळला. नात दारात येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात वर करून तयार ठेवले होते.

गालबाई खुर्चीतून उठल्या. आंघोळीसाठी पट्टा सोडलेला होता. त्या लेकीच्या आणि जावयाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या तेव्हा हात निघालेला होता. त्यांना तो दिसला. असे हात त्यांनी किती पाहिले होते. खांद्यातून निघाला, कोपरात वळला, कानाच्या रेषेत आला. मान फिरवायला वेळ होता. मणके झिजलेले असले तरी मान आपोआप निघाली होती, आणि त्यांनी ती धरून ठेवली.

बद्द आवाज झाला. त्या ओट्यावर आदळल्या, एक बरणी खाली पडून फुटली. नातीचे हात तसेच वर राहिले. टाळी वाजली नाही.

"तुम्ही मध्ये कशाला आलात?" जावई म्हणाला. त्याचा आवाज अजून गोडच होता, फक्त जरा घाईचा. "मुद्दाम तोंड पुढे केलंत. इथे नाटकं करू नका, आई. लागलेलं नाहीये तुम्हाला."

गालबाईंच्या तोंडात ती जुनी चव आली होती. कान गुणगुणत होता. अशा वेळी हसायचं असतं, ही सवय ओठांपर्यंत आलीसुद्धा.

नातीने हात खाली केले. तिने हळूच विचारलं, "आजी, लागलं?"

"हो," गालबाई म्हणाल्या. "लागलं. तुझ्या आईलाही लागतं. प्रत्येक वेळी लागतं. तालीम नसते ती."

हे वाक्य बोलायला त्यांना सगळा जन्म लागला होता, आणि बोलून काही मोकळं वगैरे वाटलं नाही. मान खांद्यापर्यंत ठणकत होती. लेक मात्र त्यांच्या गालाकडे बघत राहिली होती. आईच्या गालावर तिने लहानपणी कितीदा बोटं पाहिली असतील, रंगाची आणि रंगाखालची. बोटं उमटत असताना तिने कधी पाहिली नव्हती, कारण तेव्हा ती टाळीकडे लक्ष देत असायची. आता ती एकेक करून वर येताना दिसत होती.

लेक काचा ओलांडून दारापाशी गेली, पोरीचे बूट काढले, खाली बसून तिच्या पायात घातले. जावई म्हणाला, कुठे चाललीस, जरा शांत हो, मलम आणतो. तो खरोखरच मलम आणायला आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात तिघी बाहेर पडल्या. गालबाईंचा पट्टा आतच राहिला.

जिन्यात त्या कठड्याला धरून, मान ताठ ठेवून एकेक पायरी उतरत होत्या. लेक पुढे होती. ती परत येणार नाही असं काही ती म्हणाली नव्हती, आणि गालबाईंना विचारायचा धीर नव्हता. दुसऱ्या मजल्यावर नात थांबली.

"मग मी टाळ्या वाजवायचे," तिने आईला विचारलं, "तेव्हा पण लागायचं?"

लेक दोन पायऱ्या मागे आली. तिने पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आईच्या देखत ती रडायला लागली. गालबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. खाली वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, पण मान वाकेना.