पपई, पनीर आणि गावित मॅडम

शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. वह्या तपासून झाल्या की परत तरी जातात. किस्से कोण नेणार? तळोद्याच्या आमच्या शाळेत माझ्याकडे जे साठलेत, त्यातले निम्मे गावित मॅडमचे. मॅडम नवापूरकडच्या, विज्ञान शिकवतात आणि चूल न पेटवता माणसं जेवू घालतात!

*

सुरुवात झाली इन्स्पेक्शनच्या दिवशी. साहेब जेवायला बसणार आणि नेमका गॅस संपला! आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय, तोवर मॅडमनी पिकलेली पपई चिरली, मऊ पनीर बोटांनी मोडून घातलं. वरून लिंबू, मीठ, चिमूटभर लाल तिखट, भाजलेले शेंगदाणे. दहा मिनिटांत वाट्या तयार.

साहेबांनी दोनदा मागून घेतलं. "छान आहे हो! याला काय म्हणतात?"

"गॅस संपला म्हणतात, सर!"

*

आमचे हेडसर पाटील तापीकाठच्या प्रकाशा गावचे. भाकरी दिसली नाही की त्यांना उपास वाटतो. वाटीत डोकावून ते अहिराणीत म्हणाले, "हाई काय जेवण शे? हाई ते बकरीनं खाणं शे!"

मॅडमनी वाटी त्यांच्या हातात दिली. पाच मिनिटांनी सरांनी रिकामी वाटी पुढे केली. "आखो शे का?"

मॅडमनी वाढता वाढता विचारलं, "बकरी पोटभर जेवली ना, सर?"

*

मी एकदा कागद-पेन घेऊनच बसले. "मॅडम, मीठ नेमकं किती?"

"पपईला विचारा."

*

क्लार्कच्या निरोप समारंभाला आमच्या नव्या मॅडमनी बासुंदीचं अंगावर घेतलं आणि उकळताना सगळं दूध नासलं. बिचारीच्या डोळ्यांत पाणी! गावित मॅडमनी त्यात आणखी लिंबू पिळलं.

"अहो, हे काय करताय?"

"अर्धवट नासलेलं कुणाच्याच कामाचं नाही. नीट नासू दे!"

मग ते फडक्यात बांधलं, निथळलं आणि केळी-चिकूच्या फोडींत मिसळलं. क्लार्क म्हणाले, "आजवर कितीतरी निरोपांना बासुंदी खाल्ली. पण एकही आठवत नाही. हे आठवेल."

*

आणि सुनीता. सातपुड्यातल्या पाड्यावरून आठवीत आलेली, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. वर्गात मराठी बोलताना चुकली, मुली हसल्या, तेव्हापासून तिने तोंडच उघडलं नाही. फोनवर रडली म्हणून वडील तिला कायमचं घरी न्यायला जीपने आले. तिची पिशवी भरून त्यांच्या हातात होती.

त्याच दिवशी बिनगॅसच्या पाककृतींची स्पर्धा होती. मॅडम वडिलांना म्हणाल्या, "दादा, एवढं होऊ द्या. तिचं नाव दिलंय."

सुनीताने पपई-पनीर सुंदर केलं. पण परीक्षक म्हणाले, "कसं केलंस ते मराठीत सांग." ती गोठली.

"तुझ्या बोलीत सांग," मॅडम म्हणाल्या.

"पण आम्हाला कसं कळणार?"

"खाताना कुठल्या भाषेत खाणार, सर?"

तेवढ्यात दाराशी उभे असलेले वडील म्हणाले, "मी सांगतो."

मग सुनीता पावरीत बोलायला लागली आणि वडील तिथूनच, पिशवी हातात धरून, मराठीत सांगू लागले. "पपई फार पिकलेली नको, म्हणते... पनीर सुरीने कापायचं नाही, हाताने मोडायचं... लिंबू शेवटी." तिचा आवाज चढत गेला, त्यांचाही. कुणी हसलं नाही. पोरी माना उंचावून ऐकत होत्या.

शेवटी ती वडिलांकडे बघून एक लांबच लांब वाक्य बोलली. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

परीक्षकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

वडिलांनी पिशवी खाली ठेवली.

"ते पपईचं नाही, साहेब. ते मला होतं."