अक्कांचा वीस फुटी तराफा

माझं माहेर धुळ्याचं. नळाला पाणी आलं की हंडे आणि पिंपं भरून ठेवायची, एवढाच माझा पाण्याशी संबंध. पांझरेला पूर आला तर वडील आम्हाला पुलावरून दाखवायला नेत आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवत. त्या घट्ट धरण्यामुळेच असेल, पाण्याची भीती माझ्या अंगात मुरली. आणि अशा मुलीचं लग्न झालं ते धरणाच्या काठावरच्या गावात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरण भरून तेव्हा काही वर्षं झाली होती.

सासरच्या जमिनीचा खालचा तुकडा पाण्यात गेला होता आणि वरचा पलीकडच्या काठावर उरला होता. तिथे केळीची बाग होती, विहीर होती. घर मात्र अलीकडे, आणि मधे धरणाच्या पाण्याचा एक लांबट फाटा. रस्त्याने जायचं तर दोन एसट्या बदलून, धरणाच्या भिंतीला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. मिस्टर जळगावला पाईपच्या कारखान्यात नोकरीला, ते रविवारीच घरी येत. म्हणजे घरात सासूबाई आणि मी, दोघीच. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

माझ्या लग्नानंतरचे काही महिने अक्का गावातल्या एका भोयाच्या नावेतून बागेत जात. ते कुटुंब दुसऱ्या धरणावर मासेमारीला निघून गेलं आणि नाव बंद झाली. मग अक्कांनी केळीची खोडं बांबूत ओवून तराफा केला. तो पंधरवड्यात सडायचा, की दुसरा करायचा. त्यांचे गुडघे दुखत. खाली बसलं तर उठता येत नसे, म्हणून त्या तराफ्यावर उभ्या राहूनच जात. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, हातात बांबूच्या टोकाला फळी ठोकून केलेलं लांब वल्हं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरातलं कोणी येऊन त्यांना अडवेल. मग लक्षात आलं, घरातलं कोणी म्हणजे आता मीच.

मी अडवलं नाही, पण काठावर जाऊन उभी राहू लागले. अक्का पलीकडे पोचून हात वर करीपर्यंत मी तिथून हलत नसे. परतायच्या वेळी मी पुन्हा जाऊन उभी राही. पोळ्या करताना मधेच तवा उतरवून मी काठापर्यंत पळत गेलेली आहे. शेजारणी हसायच्या. त्या म्हणत, तुझी सासू नदीकाठी वाढलेली, मासोळीसारखी पोहते. मला मात्र लुगडं नेसलेली, पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली बाई दिसे.

मिस्टरांनी केळीच्या खोडांवर उपाय काढला. कारखान्यातून नापास झालेले दोन मोठे पाईप ते घेऊन आले. वीस फुटी पाईप मधोमध कापून चार तुकडे केले, दोन्ही टोकांना टोपणं चिकटवली आणि वर फळ्या बांधल्या. दहा फुटांचा हा तराफा कधी सडणार नव्हता. अक्का एकट्याने काठावर ओढून घेऊ शकत होत्या. मला जरा बरं वाटलं, पण ते पहिल्या दिवसापुरतंच.

तो तराफा सरळ म्हणून चालायचा नाही. अक्कांनी उजवीकडे वल्हं मारलं की तोंड डावीकडे वळे. ते सावरायला त्या डावीकडे मारत, की उजवीकडे. अर्ध्या पाण्यात जाईपर्यंत त्या थकून जात. आणि दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की बारीकशा लाटेवरही तो तराफा बसल्या जागी उड्या मारी. एकदा अक्का चिंब भिजून आल्या. कोपर सोललेलं होतं. लुगडं पिळून वाळत घातलं आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. मी हळद लावता लावता रडकुंडीला आले आणि म्हटलं, बाग कोणाला तरी निम्म्याने लावून द्या.

अक्का म्हणाल्या, "बाग मी लायेल शे. तिले दुसरं कोन पाही?"

बाग त्यांच्या हातची होती. मी हळदीची वाटी उचलून ठेवली.

रविवारी मायलेकांचा वाद झाला. मिस्टर म्हणत होते, आहे तोच तराफा रुंद करू, आणखी दोन तुकडे जोडू. अक्कांना लांब हवा होता, पाईप न कापता, अख्खे वीस फूट. मिस्टर म्हणाले की एवढं लांब धूड वळवता येणार नाही, आणि अरुंद राहिलं तर पालथं होईल. दोघंही हट्टी. जेवणं झाली तरी विषय मिटेना. मी भांडी गोळा करत होते. अक्कांनी मला थांबवलं.

"तू रोज काठवर उभी ऱ्हास," त्या म्हणाल्या. "तुले जे दिखस ते माले नही दिखत. तूच सांग."

मला दोन्ही नको होते. पण खोटंही बोलवेना, कारण मी खरोखरच रोज पाहत होते. गावातल्या पोरांच्या आखूड ओंडक्यांपेक्षा भोयांची जुनी लांब नाव कशी रेघ मारल्यासारखी जायची, ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. आखूड वस्तू प्रत्येक लाटेत खाली जाते, लांब वस्तू दोन लाटांवर टेकून राहते, हेही मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "लांबच घ्या."

आतापर्यंत मी नुसती घाबरत होते. आता काही झालं असतं तर शब्द माझा होता. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. मिस्टरांना एकटं गाठून मी म्हटलंही, माझं ऐकू नका. ते म्हणाले, मायने ऐकलं आहे, आता माझ्या हातात काय?

पाईप निवडायला अक्का स्वतः जळगावला आल्या, मला सोबत घेऊन. कारखान्यामागच्या आवारात उन्हात पाईपांच्या थप्प्या रचलेल्या होत्या. तिथल्या कारकुनाने विचारलं, विहिरीवर बसवायचे की लाईन टाकायची? अक्का म्हणाल्या, "उभं ऱ्हावाले." त्याला कळलं नाही. मिस्टर मान खाली घालून उभे होते, कारण आवारात सगळे त्यांच्या ओळखीचे. अक्कांनी तीन पाईप जमिनीवर काढायला लावले आणि चपला काढल्या. एक पाईप त्यांनी पायाने दाबून बाजूला सारला, तो मधे वाकलेला निघाला. दुसरा मागवला. मग तिन्हींमधे वितीवितीचं अंतर ठेवून, माझा खांदा धरून त्या वर चढल्या. मला एका टोकाला बसून पाईप हलवायला सांगितलं. मी हलवले. त्या डुलल्या, पण पडल्या नाहीत. बिड्या ओढत बसलेले हमाल बघायला आले. मला लाजेपेक्षा काळजीच जास्त वाटत होती. जमिनीवर पडणं आणि पाण्यात पडणं यातलं अंतर मी मनात मोजत होते.

तीन अख्खे पाईप टेम्पोतून गावाला आले. टोकांना टोपणं, बांबूच्या आडव्या काठ्या, मधे फळ्या, नायलॉनची दोरी. पाण्यात लोटला तेव्हा तो एवढा लांब दिसला की मला धडकीच भरली. पहिले काही दिवस माझ्या हट्टाने अक्का काठाजवळच फिरल्या, कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून, आणि दोरीचं टोक माझ्या हातात. तराफा खरंच सरळ चालला. वळायला वेळ घेई, पण एकदा दिशा धरली की सोडत नसे. बाहेरून पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्का पुढच्या बाजूला सरकल्या की तोंड पाण्यात बुडे, मागे सरकल्या की उचललं जाई. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी हूं केलं.

पुढचा महिनाभर चांगला गेला. अक्का सकाळी जात, वारा सुटायच्या आत परत येत. चैत्रात एक दिवस बागेत मोटर बंद पडली आणि त्यांना उशीर झाला. दुपारी वारा उठला. नेहमीचा नव्हे. धूळ उडवत, पत्रे वाजवत आला. मी काठावर धावले तेव्हा पाण्याचा रंग गढूळ झाला होता आणि लाटा सरळ आमच्या काठाकडे येत होत्या. मला वाटलं, अक्का शहाण्या आहेत, पलीकडेच थांबतील. तेवढ्यात पाण्याच्या मधोमध मला त्यांचं हिरवं लुगडं दिसलं.

लाटा त्यांच्या मागून येत होत्या. प्रत्येक लाट तराफ्याचं बूड उचली आणि तो घसरगुंडीवरून सुटल्यासारखा पुढे धावे. अक्का वल्हं मारत नव्हत्याच, नुसतं मागे धरून सुकाणूसारखं वापरत होत्या. इतक्या वेगाने तराफा जाताना मी कधी पाहिला नव्हता. आणि दर वेळी त्याचं तोंड खाली जाऊन पाण्यात शिरत होतं. एकदा जास्त शिरलं की सगळं उलटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. अक्का फार पुढे उभ्या होत्या.

मी ओरडले. वारा माझ्या तोंडावर होता, आवाज माझाच मला परत येत होता. मी हातवारे केले. शेवटी काहीच सुचेना तेव्हा मी स्वतःच मागे मागे चालू लागले, त्यांच्याकडे तोंड करून, दगडांना अडखळत, हाताने छातीवर आणि मागे खूण करत. एकदा पडले, उठले, पुन्हा मागे चालू लागले.

अक्का एक पाऊल मागे सरकल्या. मग आणखी एक. तराफ्याचं तोंड वर आलं. मागून मोठी लाट आली, तिने त्याला अख्खा उचलला आणि तो तिच्या पाठीवरून सरळ घसरत आला, थेट काठावरच्या चिखलात. अक्का गुडघ्यांवर पडल्या, पण चिखलात. मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

श्वास बसल्यावर मी विचारलं, "मागे व्हा म्हणून खुणा करत होते, दिसल्या ना?"

त्यांनी तोंडावरचा चिखल पुसला. "माले वाटनं, तू माले सोडीसन पळी चालनी."

"मग मागे कशा सरकलात?"

"पाय सरकनात," अक्का म्हणाल्या आणि हसू लागल्या. मला हसू येईना. बऱ्याच वेळाने आलं.

रविवारी मिस्टर म्हणाले, मोडूनच टाकतो. नको म्हणणारी मीच निघाले. आखूड तराफा असता तर अक्का त्या दिवशी काठाला लागल्याच नसत्या, हे मला माहीत होतं. पण मी अट घातली: वारा उठला तर पलीकडेच मुक्काम करायचा. बागेतल्या झोपडीत पीठमीठ आणि एक गोधडी नेऊन ठेवली. अक्कांनी अट मान्य केली आणि पाळलीही. माझं काठावर उभं राहणं काही सुटलं नाही. फाट्यावर पूल झाला तोपर्यंत, नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत, त्या तशाच जात राहिल्या आणि मी तशीच घाबरत राहिले.

त्या वर्षांत मी एकदाच पलीकडे गेले. घड कापणीचा दिवस होता, वारा नव्हता, आणि सून असून बाग पाहिली नाही हे मलाच बरं वाटेना. तराफ्याच्या मधोमध मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि डोळे मिटले. मागे अक्का उभ्या. मधेच त्या म्हणाल्या, डोळा उघड, पानी देख. मी उघडले नाहीत. तराफा वाळूला लागल्यावर उघडले, तर समोर केळीची उंच ओळ, तिच्या सावलीत ओल आणि घडांवर झाकलेली वाळकी पानं. अक्कांनी मला झाडन् झाड दाखवलं. दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी वल्हं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी एसटीने आले. दोन गाड्या बदलून, धरणाच्या भिंतीवरून, धूळ खात. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का केव्हाच आल्या होत्या. खिचडी झाली होती, आणि त्यांनी माझं ताट वाढलं.