पहिली ओळ सोड, पुढचं वाच

बोईसरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. कुणाचं नेट बंद पडलं की खुर्चीवरून न उठता स्क्रीनवर आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडतो, चार अक्षरं टाइप करतो आणि कुठल्या इमारतीत काय बिघडलंय ते सांगतो. या न उठण्याचा मला भारी अभिमान होता. होता म्हणतोय, कारण चिंचणीत आमच्याच अंगणात तो एका दुपारी धुळीला मिळाला.

समोरच्या काकींकडे नेट माझ्याच घरून जातं. अंगणावरून निळी वायर मीच बांधलीय, आणि ती इतकी ताठ की गावात दुसऱ्या कुणी तशी बांधून दाखवावी. त्या शुक्रवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, काकींच्या मुलीची चार वाजता मुलाखत होती. पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सची जागा, आणि मुलाखत लॅपटॉपवर. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे घरात कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. आमच्या आळीत मोबाइलची रेंज एक काडी, तीही तिच्या मनात आलं तर. सगळी भिस्त माझ्या वायरीवर.

तीन वाजता मुलीचा फोन आला. "दादा, नेट येतं आणि जातं."

मी जेवून आडवा झालो होतो. लॅपटॉप पोटावर घेतला आणि पिंग मारलं. पिंग म्हणजे हाळी घालणं. आपण "हाय का रे?" विचारायचं, पलीकडून "हाय" आलं की लाइन जिवंत. माझ्या लॅपटॉपवरून राउटरला हाळी गेली, उत्तर आलं. लांबच्या सर्व्हरला गेली, तिथूनही आलं. "इथून सगळं ठीक आहे," मी सांगितलं. "तुझ्या लॅपटॉपातच काहीतरी असणार. बंद करून चालू कर."

तिने केलं. फरक शून्य. मग तिलाच काळी खिडकी उघडायला लावली. तिच्या चारपैकी दोन हाळ्यांना उत्तर आलं, दोन हरवल्या. मग ट्रेसर्ट चालवायला सांगितलं. आपला निरोप कुठून कुठून जातो ते ही आज्ञा टप्प्याटप्प्याने दाखवते, आणि पहिला टप्पा घरचा राउटर. ती वाचू लागली, "पहिल्या ओळीत नुसते तारे आहेत, दादा." तारे म्हणजे उत्तर नाही.

"पहिली ओळ सोड," मी म्हणालो. "तो माझा राउटर आहे, त्याला काय होतंय? पुढचं वाच."

तिने वाचलं. मी मान डोलावली, दोष नेटवाल्याचाच ठरवला आणि त्याला फोन लावून झापलं. तो बिचारा म्हणाला, "सर, तुमच्या घरापर्यंत लाइन चांगली दिसतेय." मी त्याला माझा सगळा अनुभव ऐकवला. तोवर साडेतीन वाजले.

शेवटी काकीच दारात आल्या. "तू निजून काय बघतोस? आमचं जालं फाटलं तं आमी ते हातात घेतो, टोकापासून चाचपीत जातो. खाटेवरून भोक दिसतं का कुटं?"

मला राग आला. रागारागातच त्यांच्या घरी गेलो, मुलीच्या लॅपटॉपवर न थांबणारं पिंग लावलं. उत्तर, उत्तर, उत्तर. वारा आला की उत्तर बंद. वारा पडला की पुन्हा सुरू. नेटला वारा बाधतो हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. काकी वायरीला हात लावून निघाल्या, मी मागोमाग. खिडकीतून, भिंतीवरून, अंगणात. तिथे माझ्या निळ्या वायरीवर बोंबील वाळत होते. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आई, हे काय?"

"वलांडीची दोरी तुटली," आई शांतपणे म्हणाली. वलांडी म्हणजे मासळी वाळवायची आमची बांबूंची मांडणी. "तुजी दोरी चांगली घट्ट हाय. एवढ्या उन्हात बोंबील काय घरात ठेवू?"

बोंबील उतरवले, तरी उत्तर येईना. ओझ्याने तुटत आलेली आतली तार उतरवताना पुरतीच तुटली होती. चारला दहा मिनिटं. मी स्टुलावर चढून आईवर खेकसत नवी वायर जोडायच्या खटपटीत. मुलगी इस्त्रीच्या कपड्यांत ओट्यावर उभी, डोळे भरलेले. काकी म्हणाल्या, "नेट तुज्या घरात हाय ना? मंग ती तितंच बसली तं नाय चालणार?"

एवढं मला तासभर सुचलं नव्हतं.

चारला दोन मिनिटं असताना ती राउटरशेजारी बसली. मी स्वयंपाकघरात, दाराआड, बोंबलांच्या पाट्यांमध्ये. पलीकडून एका बाईंनी विचारलं, "पेशंट म्हणतो त्रास होतोय, पण मशीनवर सगळं ठीक दिसतंय. अशा वेळी काय कराल?" ती म्हणाली, "आधी त्याच्याजवळ जाऊन बसेन. तो सांगतोय ते पहिल्यापासून ऐकेन."

ती टोमणा मारत नव्हती. त्या क्षणी मी तिच्या ध्यानातही नसेन. पण माझे कान तापले आणि मला खरंच लाज वाटली.

तिला नोकरी लागली. काकींबरोबर पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून झालं." ती नोकरी मी जवळजवळ घालवलीच होती, हे त्या खोलीत मला आणि काकींना ठाऊक होतं. काकी माझ्याकडे बघून हसल्या. मी अख्खा पेढा तोंडात कोंबला, म्हणजे बोलावं लागणार नाही.