लाल उजेडातला दादा

मी नागपूरला निघालो त्या सकाळी माय माझ्याशी बोलली ती फक्त काचेबद्दल. मोटारीत धक्के बसतील, मांडीवर धर, खाली ठेवू नको. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती फोटोची काच माझ्या हातात देऊन म्हणाली, "तेवढं दादाचं तोंड मले दिसू दे, बाबू." तू कुठं राहशील, काय खाशील, काही नाही. बाबा मोटारीपर्यंत आले. "जाऊन राह्यला तं नीट जाय," एवढंच म्हणाले.

दादा, माझा थोरला भाऊ, लढाईवर गेला तो ब्रह्मदेशातून परतलाच नाही. जाण्याआधी आमच्या धाड गावच्या बाजारात एका फिरत्या फोटोवाल्यानं भर उन्हात त्याचा फोटो घेतला होता. छापून द्यायच्या आधीच फोटोवाल्यानं गाव सोडलं आणि आमच्याकडे नुसती काच, म्हणजे निगेटिव्ह, राहिली. तिच्यात सगळं उलटं. पांढरा फेटा काळा, पांढरा सदरा काळा, आणि तोंडाच्या जागी जवळजवळ कोरी काच. माय ती उजेडात धरायची आणि चिडून खाली ठेवायची.

नागपुरात मला एका फोटो स्टुडिओत नोकरी लागली. पोरगा साहेब झाला, असं तुम्ही गावकरी म्हणत होता. साहेबाच्या बोटांना लागलेला हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा वास जेवतानाही जात नव्हता. महाल भागातल्या भाड्याच्या घरात मी न्हाणीचीच डार्करूम केली. खिडकीला घोंगडं, कंदिलाला लाल काच, पाटावर औषधांच्या तीन थाळ्या. लढाईपायी कागद मिळेना. मालकाकडून उरलेसुरले तुकडे मागून आणायचो.

दादाच्या तोंडावर फेट्याची सावली पडली होती, तिनं मला रडवलं. कपडे नीट छापावेत तर तोंड कोळशासारखं काळं. तोंड सांभाळावं तर फेटा आणि सदरा पांढऱ्या कागदात विरून जायचे. उजेड अडवायला तोंडावर कापूस धरून पाहिला, तर भोवती घाणेरडं कडं उमटलं. उन्हाळ्यात औषध तापायचं आणि कागदावरचा थर सायीसारखा सुटून यायचा. बायको, सुशीला, दाराबाहेरून ओरडायची, "अहो, आंघोळी कधी करायच्या आम्ही?" त्यातल्या त्यात बरी प्रत गावी पाठवली. मायचा निरोप आला, "एवढा काळा नव्हता माहा लेक."

मग ती स्वतःच आली. मी गाव सोडून मांडलेलं घर ती पहिल्यांदा पाहत होती. सुशीलानं पुरण घातलं होतं. मायनं पिशवी ठेवली, पाय धुतले आणि विचारलं, "कुठी बनवतं तू त्याले?"

भर दुपारी आम्ही दोघं न्हाणीत कोंडून बसलो. घामानं माझा सदरा भिजला होता. कागद थाळीत टाकला. सावलीतलं म्हणून तोंडच आधी उमटायला लागलं. भुवया, मग नाक, मग मिशी. माय थाळीवर वाकली.

"आला," ती म्हणाली. आणि लगेच, "काढ! बाबू, काढ त्याले, काळा होऊन राह्यला!"

"माय, लाल उजेडात गडद दिसतं. बाहेर फिकं पडंल."

"काढ म्हनलं नं!"

काढला. बाहेर नेला तर कागदावर धुरकट डागासारखं काहीतरी. माझं डोकं फिरलं. "सांगितलं होतं तुले! काऊन ऐकत नाहीस?" मी ओरडलो. मायनं त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मले दिसला तो," म्हणाली, आणि जेवायला बसली. पोटभर जेवली.

तेव्हापासून ती दर वर्षी येते. पुढं मला चांगला कागद मिळाला, कसब आलं, फेट्यासकट तोंडासकट स्वच्छ प्रत मी तिच्या हातात दिली. तिनं ती सुशीलाकडे दिली आणि मला म्हणाली, "हे राहू दे. तू बनव नं." मग पुन्हा न्हाणी, पुन्हा मायचा थाळीवर वाकलेला चेहरा, पुन्हा "काढ!". माझी नोकरी, माझी लेकरं, नवं घर, यांतलं तिनं काय पाहिलं, देव जाणे. मी चिडतो, आणि कागद कापायला घेतो.

तुम्ही विचारता, आता घर कोणतं, धाडचं की नागपूरचं? मला नीट सांगता येत नाही. बाबा मात्र सांगतात, माय परत गेली की बाया विचारतात, कुठी गेलती वं? तर ती म्हणते, "लेकाकडे गेलती."

कोणत्या लेकाकडे, ते सांगत नाही.