शुक्रवारचा फोन

पिकलेल्या सीताफळाचा वास आला की मला गेवराईतल्या आमच्या घरातला काळा फोन आठवतो. गल्लीत फोन आमच्याकडेच, म्हणून शेजारच्या फळं विकणाऱ्या खालाचा सौदीला गेलेला मुलगा दर शुक्रवारी चार वाजता आमच्याच नंबरावर तिला फोन करायचा. मी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. नेट फोनच्याच वायरीवर चालायचं आणि ते चालू असेपर्यंत बाहेरचा फोन लागत नसे. त्या शुक्रवारी मला ब्लॉग सुरू करायचा होता. त्याचं नाव, रंग, माझा फोटो, यातच मी रंगलो होतो आणि खाला मांडीवर दोन सीताफळं घेऊन उंबऱ्याशी बसली होती. साडेपाचला तिनं हळूच विचारलं, "बेटा, फोन न्हाई आला का रे?" वायर माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी मी म्हणालो, "न्हाई खाला, आज त्यानं केलाच न्हाई." सीताफळं ठेवून ती निघून गेली. पुढच्या शुक्रवारी मुलाशी बोलून झाल्यावर रिसीव्हर ठेवत ती म्हणाली, "लई येळ फोन लावत होता म्हणं त्या दिवशी. आपली लाइनच खराब, बेटा." आणि पुन्हा दोन सीताफळं माझ्या हातात दिली. आता दहा मिनिटं नेट गेलं तरी मी कंपनीच्या नावानं शंख करतो. खाला दीड तास बसली होती. आणि तिचा पोरगा तिकडं नंबर फिरवत असताना मी तिला सांगितलं, त्यानं फोन केलाच नाही.