रुंद मॉनिटर आणि न जुळलेली पत्रिका

मंडळी, सल्ला हवाय, जरा घाईने.

लेकीसाठी खांदेश्वरचं स्थळ आलं. मुलाचा गाडीला टेकून काढलेला फोटो आम्ही नवराबायकोने नव्या रुंद मॉनिटरवर पाहिला. बायको म्हणाली, “अहो, हा केवढा आडवा!” लेक सांगत होती, “बाबा, मोबाइलवर नीट दिसतोय. मला आवडलाय.” आम्ही म्हटलं, मोबाइलवर सगळेच बारीक दिसतात. आज सकाळी मुलाच्या वडिलांना कळवून टाकलं, पत्रिका जुळत नाही.

दुपारी लेकीने स्क्रीनवर बोट ठेवलं. “बाबा, गाडीचं चाक अंड्यासारखं का आहे?”

गाडी कोणती हे आम्ही बारकाईने पाहिलं होतं, चाक नाही. सेटिंग उघडलं, तर रिझोल्यूशन जुन्या चौकोनी मॉनिटरचंच. ते बदललं. चाक गोल झालं आणि मुलगा सडपातळ.

बायको हळहळली, “अगंबाई, किती छान आहे हो!” लेक दार लावून बसली आहे.

आता फोन तर करायलाच हवा. पण खरं सांगायचं, तर ‘तुमचा मुलगा आम्हाला जाडा वाटला’ हे आधी बोलावं लागेल. नाहीतर मग सकाळपासून कुठला ग्रह सरकला म्हणून सांगू?