बाबांच्या खोलीबाहेरची माणसं

गुडगावच्या नव्या ऑफिसात आम्ही अमेरिकन विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मी. कंपनीच्या तिकडच्या एका बाईंना फोनवर बिनधास्त विचारलं, विम्याचे नियम वॉशिंग्टनचं कुठलं मंत्रालय करतं? त्या हसल्या. म्हणाल्या, प्रत्येक राज्य आपापले करतं. मुळात राज्यंच आधी होती. त्यांनी केंद्र उभं केलं, मोजके अधिकार त्याला लिहून दिले, उरलेले स्वतःकडे ठेवले. पुढे केंद्र बळावलं, पण विमा राज्यांकडेच राहिला.

कधी एकदा बाबांना सांगते असं झालं मला. घरी चपला न काढताच सुरू झाले. बाबा केंद्रात अधिकारी. मंजुरीसाठी मुंबईहून आलेले राज्य सरकारचे लोक त्यांच्या खोलीबाहेर तासन्‌तास बसायचे.

बाबांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"अच्छा," म्हणाले, "मग तिकडे माझ्या खोलीबाहेर कोण बसलं असतं?"